सुतळीत न मावलेली पेटी

महाडच्या बाजारात हार्डवेअरचा असा एकही दुकानदार नसेल, ज्याने माझ्या थोरल्या नणंदेला पायरी चढताना पाहून हातातला चहा घाईघाईने संपवला नसेल. त्या आत आल्या की चहा निवणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इतर माणसं वस्तू विकत घेतात. माझ्या नणंदबाई वस्तूची परीक्षा घेतात, आणि बहुतेक वस्तू नापास होतात. साधा स्क्रू घ्यायचा तरी त्या तो उजेडात धरून त्याचे आटे बघतात, नखाने खरवडतात आणि हा नाही, त्याच्या शेजारचा द्या म्हणतात. मी स्वतः चौथीच्या पुढे गेले नाही, म्हणून मला त्या नापास वस्तूंचा फार कळवळा येतो.

बाकीच्या बायकांच्या अंबाड्यात आकडा असतो, यांच्या अंबाड्यात टेस्टर असतो. पिवळ्या मुठीचा. लांबून शेवंतीचं फूल खोवल्यासारखं दिसतं, आणि लग्नाकार्यात नवख्या बायका कौतुक करायला जवळ येतात आणि दचकून मागे होतात. एकदा आमच्या शेजारी बारसं होतं. बायका पाळणा म्हणत होत्या आणि पाळण्याची कडी आपला वेगळाच सूर लावून कुरकुरत होती. नणंदबाईंनी दोन कडवी कशीबशी सोसली. तिसऱ्याला त्या पुढे झाल्या, बाळ आईच्या हातात दिलं, स्टुलावर चढून कडीत खोबरेल सोडलं. रिकामा पाळणा हलवू नये म्हणून म्हाताऱ्या ओरडल्या, तर बारशासाठी पाटावर मांडलेला वरवंटा उचलून पाळण्यात निजवला, त्याला दोन झोके दिले, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "हां, आता ठेवा नाव." पोलादपूरला मयताच्या घरी भेटायला गेलो तेव्हाही तेच. वर पंखा टकटक वाजत होता. रडणं जरा ओसरलं तशा त्या हळूच म्हणाल्या, "शिडी हाय काय गो घरात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परत येताना वडापच्या जीपमध्ये त्या म्हणाल्या, "त्या घरच्या बाईला आता झोप येनार नाय बरेच दिस. वर ती टकटक कशाला ऐकायची?" त्यानंतर मी लाज वाटून घेणं थोडं कमी केलं.

हा नाद त्यांना यजमानांमुळे लागला. त्यांचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. यजमान गिऱ्हाइकांशी गप्पा मारत आणि या आत बसून तार गुंडाळत. ते गेल्यावर गप्पा थांबल्या, काम चालू राहिलं. आमच्या घराला लागून त्यांची एक खोली आहे. आळीतले मिक्सर, पंखे, शिलाई मशीन सगळं तिथे दुखणं घेऊन येतं. हत्यारं मात्र कधी एका जागी नसायची. पकडी बिस्किटाच्या डब्यात, पाने झाकण हरवलेल्या कुकरात, कानशी जुन्या परकराच्या नाडीने बांधलेल्या. मोठा पूर आला त्या साली आम्ही जीव घेऊन माळ्यावर गेलो आणि हत्यारं खाली राहिली. पाणी उतरल्यावर सारी आळी चिखलातून भांडी शोधत होती आणि या कोपरापर्यंत हात घालून पाने शोधत होत्या. सापडेल ते रॉकेलात बुडवायचं, राखेने घासायचं, उन्हात मांडायचं. अंगणात जणू कुरडया वाळत होत्या.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, विरारला असतो. तो गाडीने वीर स्टेशनला उतरला, रिक्षा करून आला आणि आईची ती वाळवणं बघून म्हणाला, "आई, बस झालं आता. माझ्याकडं चल. तिसरा माळा हाय, लिफ्ट हाय, पान्याचं टेन्शनच नाय." मुलगा लाखात एक आहे, त्याच्यात खोट काढायला नणंदबाईंनाही जमलेलं नाही. त्या म्हणाल्या, "येते रे बाबा. पन हत्यारं काय गोनीत भरून आनू? आधी चांगली पेटी घेते. चांगली आनी परवडनारी. मग येते." भाचा आईला पुरता ओळखून होता. पुढच्या गणपतीला आला तो खिशात सुतळी घेऊन. त्याच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामध्ये जेवढी जागा आहे तेवढी ती कापलेली होती. "एवढ्यात मावेल अशी घे, म्हंजे झालं," तो म्हणाला.

आता मला माझं थोडं सांगावं लागेल. मला चारचौघांत बोलता येत नाही. माहेरी येत नव्हतं, इथेही येत नाही. घरातसुद्धा मी विचारलं तेवढंच बोलते. फक्त नणंदबाईंच्या खोलीत मला बोलता येतं, कारण त्या काहीतरी उघडून बसलेल्या असतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. मी बोलत जाते, त्या "हं, मग?" म्हणत स्क्रू फिरवत जातात. त्या विरारला गेल्या तर मी कुणाशी बोलू, हे मला कुणाला सांगता येईना, आणि ज्यांना सांगितलं असतं त्यांना तर मुळीच सांगता येईना. म्हणून मी रोज देवाला म्हणायची की यांना मनासारखी पेटी मिळू देऊ नको, आणि बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर पेटी शोधायला जायची.

सुरुवात भंगारवाल्यापासून झाली. त्यांचं म्हणणं, वस्तू कशी जगते ते दुकानदार सांगतो, पण ती कशी मरते ते भंगारवाल्यालाच ठाऊक. त्यांनी त्याला विचारलं, "सगळ्यात चांगली पेटी कंची रे?" तो बिचारा म्हणाला, "मावशी, जी चांगली असते ती माझ्याकडं येतच नाय. मी कशी वळखनार?" नणंदबाईंना हे उत्तर इतकं पटलं की त्यांनी तिथेच बसकण मारली आणि त्याच्याकडच्या साऱ्या मेलेल्या पेट्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. कुणाची बिजागरी गेली होती, कुणाचा तळ सडला होता, पण जास्त करून कड्या उपटल्या होत्या. उठताना पदर झटकून म्हणाल्या, "बघ गो. पेटी उचलतानाच मरते."

मग दुकानं झाली. आधी सुतळी लावायची, मग पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करून पत्र्याचा आवाज ऐकायचा, खण पुरा बाहेर ओढून तसाच सोडून बघायचा, आणि शेवटी पेटीवर बसायचं. "अहो आजी, बसू नका, स्टूल देतो!" असं एक शेठ ओरडला, तर त्या तिथूनच म्हणाल्या, "स्टूल घ्यायला आले नाय रे मी. पेटी घ्यायला आले." प्लास्टिकची एक पेटी खरंच स्वस्त होती आणि दिसायलाही छान होती. ती बसण्याआधीच कण्हली. उघडली की दोन्ही बाजूंनी पंख पसरणारी एक होती, ती त्यांना आवडली, पण भरल्या पेटीचे पंख मिटेनात. अंड्यावरून न उठणारी कोंबडी, म्हणून तिला तिथेच ठेवून आलो. भाच्याने मधेच फोनवर एक मागवून दिली. फोटोत पेटी अशी होती की हत्ती मावेल. खोका आला तो जेवणाच्या डब्याएवढा. नणंदबाईंनी ती हातावर घेऊन बघितली, म्हणाल्या, "पिल्लू हाय. मोठी व्हईल तवर थांबू काय?" आणि मला देऊन टाकली. मी तिच्यात सुयादोरे ठेवते.

पोलादपूरला मात्र पेटी पास होते की काय असं वाटलं. तिथल्या दुकानात लाल रंगाची, पाच खणांची, चाकांची पेटी होती. खण बोटाने ढकलला तरी लोण्यासारखा आत जायचा. सुतळीत बसत होती. किंमतही आवाक्यातली होती. नणंदबाई एक एक खण उघडत होत्या, मिटत होत्या, आणि तोंडावर असं काही होतं की मी दुकानाबाहेर महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या बघत उभी राहिले. मनात म्हटलं, झालं, गेल्या या. तेवढ्यात आतून आवाज आला, "शेठ, ही चाकं जिना चढतात काय?"

शेठ म्हणाला, "जिना कशाला मावशी? जमिनीवर फिरवायची असते ही."

"मंग उचलायला कडी कुठं हाय?"

कडी नव्हती. पेटी नापास झाली. वडापात बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की विरारच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. जिना माळ्याचा, आणि तो आमच्या घरात आहे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

शेवटी पेटी मिळाली ती महाडातच, रोजच्या दुकानात, मागे ताडपत्रीखाली. शेठ म्हणाला, "ती नको मावशी. ट्रकवरून उतरवताना पडली. पोचा आलाय." नणंदबाईंचे डोळे चमकले. पोच्यावरून अंगठा फिरवला. पत्रा दबला होता, पण फाटला नव्हता, रंगाला तडा नव्हता. सगळे खण सुरळीत आतबाहेर होत होते. दोन्ही बाजूंना जाड सळईच्या कड्या, चार चार रिव्हेट मारलेल्या. "पडून बघितलेली पेटी हाय गो ही," त्या म्हणाल्या, "बाकीच्यांची परीक्षा अजून व्हायची हाय." मग त्यांनी शेठच्याच खिळ्यांच्या पिशव्या तिच्यात भरल्या आणि मला हाक मारली, "धर तिकडून." दुकानात पुरुष माणसं उभी होती. मी मान खाली घालून दुसरी कडी धरली, आणि आम्ही दोघी ती पेटी घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरलो, पुन्हा चढलो. एक गवंडी म्हणाला, "मावशी, वरात कुनाची?" नणंदबाई म्हणाल्या, "तुझी. बस वर." शेठने किंमत आपणहून उतरवली, पोच्यामुळे की आम्ही लवकर जावं म्हणून, कोण जाणे.

पैसे देऊन झाल्यावर त्यांना सुतळीची आठवण झाली. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. सुतळी वीतभर कमी पडली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि सुतळीची गुंडाळी करत म्हणाल्या, "आटली गो. पावसाळी हवेत आटतात सुतळ्या." बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं.

भाचा टेप घेऊन आला. दोनदा मापून म्हणाला, "आई, नाय मावत ही."

"असं?" त्या म्हणाल्या. "पेटी मावत नाय, तर मी कशी मावेन रे?"

"मामी, तुमी तरी सांगा हिला!"

तो माझ्याकडे वळला. मी म्हणाले, "आमच्या माळ्यावर मावते." एवढंच. तो आमच्या दोघींकडे बघून हसायला लागला. जाण्याआधी त्याने माळ्याच्या जिन्याला लाकडी कठडा बसवून दिला. नव्या पेटीतली हत्यारं घेऊन, आणि मागे उभ्या राहून त्या "वाकडं चाललंय" म्हणत असताना.

तेव्हापासून दर वर्षी मिरगाचा पाऊस लागायच्या आधी आमची तालीम असते. भरली पेटी दोघींनी धरून माळ्यावर न्यायची, म्हणजे नदी वर आली आणि पुराचा भोंगा वाजला तर गडबड नको. गेल्या साली अर्ध्या जिन्यात नणंदबाई थांबल्या. पेटी पायरीवर टेकवून कठड्याला धरून बसल्या. दम घेऊन म्हणाल्या, "पेटी जड झाली गो यंदा." पेटीत मागच्यापेक्षा एक खिळाही जास्त नव्हता. टेस्टर अंबाड्यातून ओघळून मानेवर आला होता. मी तो नीट खोवला, आणि आम्ही बसून राहिलो, भाचा पुन्हा येईल आणि काय म्हणेल ते दोघींनाही ठाऊक असल्यासारख्या.

यंदा मी तालमीच्या आदल्या दुपारी, त्या जरा लवंडल्या होत्या तेव्हा, पेटीतला मोठा हातोडा, शिकंजा आणि पाइप पाना काढून एक एक करून माळ्यावर नेऊन ठेवले. त्यांच्या हत्यारांना मी न विचारता कधी हात लावलेला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कड्या धरल्या. पेटी उठली आणि नणंदबाई जागीच थांबल्या. ज्या बाईला एक वायसर कमी असला तरी कळतो, तिला हे कळणार नाही असं थोडंच होतं.

"हलकी कशी गो लागते?" त्या म्हणाल्या.

"आटली असेल, वन्सं," मी म्हणाले. "सुतळीसारखी."

त्यांनी कडीवरची मूठ जरा सावरली, पदर कमरेला खोचला.

"धर नीट," त्या म्हणाल्या. "तुझी बाजू खाली जाते."