शालींखालचा माईक

जनावरांच्या प्रदर्शनात नीट आवाज टिपायचा म्हणजे नुसता वैताग. आमच्या तालुक्याच्या प्रदर्शनात दामूअण्णांच्या खिलार बैलाचा पहिला नंबर आला. मी त्यांच्या सदऱ्याला छोटा बिनतारी माईक लावला. त्यांनी कॅमेऱ्यासमोर बैलाविषयी दोन वाक्यं बोलावीत, एवढंच मला हवं होतं. पण अण्णांनी तोंड उघडलं की कुणीतरी येऊन त्यांच्या अंगावर शाल घालायचं. सरपंच झाले, जनावरांचे डॉक्टर झाले, व्याही झाले. प्रत्येक शाल माईकवर घासत होती. वर भोंगा आणि हलगी होतीच. आपल्याकडे माणसाचं कौतुक म्हणजे त्याला पांघरूण घालणं. तो काय म्हणतोय ते कुणाला ऐकायचंय?

"अण्णा, परत एकदा बोला," मी पाचव्यांदा म्हणालो.

"आता काय बोलू? झालं की सगळं बोलून."

मी चिडून कॅमेरा बंद न करताच पिशवीत कोंबला. अण्णांच्या सदऱ्यावरचा माईक काढायचाही राहिला.

घरी ऐकलं तर सगळी खरखर. अगदी शेवटी अण्णा बैलाच्या मानेला बिलगले असावेत, कारण गोंगाट दबला आणि शालींखालून त्यांचा आवाज स्वच्छ आला, "दमलास का रं?" मग बैलाचा लांब सुस्कारा.

दिवसभरातलं तेवढंच खरं बोलणं. आणि कॅमेरा पिशवीत.