जीप सुटेपर्यंतचं गाणं

ते गाणं मला पंधरा वर्षांनी तिरुपूरच्या एका चपलांच्या दुकानात भेटलं. मी एका पायात नवी चप्पल घालून उभी होते. वरच्या स्पीकरमधून तोच मशीनचा ठोका आला, तेच कॅसिओसारखे सूर आले. पण चहाचे दोन घोट व्हायच्या आत बाई गायलाही लागली, आणि साडेतीन मिनिटांत सगळं खलास. मनात पहिलं आलं ते हेच, की एवढ्यात आई पोहोचलीच नसती.

मी इथे बनियन कंपनीत शिलाईला आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरची ओडिशाची पोरगी दुकानात माझ्याबरोबर होती. तिने गाणं चालू असतानाच फोन स्पीकरकडे धरून त्याचं नाव मिळवलं होतं. नाव इंग्रजी आहे. मला ते नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीतही नाही. संध्याकाळी तिने शोधून दिलं, तेव्हा कळलं की गाणी दोन आहेत. दुकानातलं छोटं, आणि आमचं मोठं, नऊ मिनिटांचं.

आमचं म्हणजे चिखल्याहून तुमसरला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमधलं. जीप चालवणारे काका आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचे. नात्याचे नव्हते, पण सगळी पोरं त्यांना काकाच म्हणायची. खाणीच्या कॉलनीतल्या एका साहेबाने बदली झाल्यावर जुन्या कॅसेटी देऊन टाकल्या, त्यात ही होती. लेबल निघालेलं, एका बाजूला एकच गाणं. काकांनी त्याचा नियम केला. निघायची वेळ झाली की गाणं लावायचं, आणि गाणं संपलं की जीप सोडायची, भरो की न भरो. सिनेमाच्या गाण्याने हे जमलं नसतं, ते संपेपर्यंत एक म्हातारी चढून बसायची नाही. हे गाणं मात्र सुरूच व्हायला वेळ घ्यायचं. आधी नुसता ठोका, मग त्यावर दुसरा, मग लांबून आल्यासारखे सूर. बाईचा आवाज येईपर्यंत लोकांचा चहा पिऊन व्हायचा.

मध्यावर ते एकदम खाली बसायचं. सूर जायचे, आवाज जायचा, कुठेतरी खोल एक बारीक टकटक उरायची. नवखा माणूस गाणं संपलं समजून पिशवी घेऊन धावत सुटायचा, आणि जीपमधले हसायचे, "धावू नको बापा, अजून आहे!" काका स्टिअरिंगवरचा हात उचलून तळवा दाखवायचे, थांब म्हणून. मग सगळं पुन्हा वर यायचं. मला हे पाठ होतं, तरी दर वेळी त्या जागी मी काकांच्या तळव्याकडे बघायची.

मी नववीत गणितात राहिले आणि शाळा सोडली. कोणी काढलं नाही, मीच गेले नाही. तीन पावसाळे रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला गेले. एकोणिसाव्या वर्षी बपेऱ्याची एक बाई तिरुपूरला मुली घेऊन जाणार होती. ती म्हणाली, जन्मतारखेचा पुरावा आण, नाहीतर कंपनीच्या फाटकावरूनच परत यावं लागेल. पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. मला गुरुजींसमोर उभं राहायची लाज वाटत होती. आईला खोटंच सांगितलं, की ते देत नाहीत.

आई म्हणाली, "शाळेत जायले लाजते, अन् दोन दिवसाच्या रेल्वेत बसायले लाजत नाई?"

निघायच्या दिवशी सकाळी ती एक शब्द न बोलता बाहेर पडली. मला वाटलं, रोवणीला गेली. रागावली, तोंडही बघणार नाही. दाखला नव्हता तरी मी पिशवी उचलली. फाटकावर काहीतरी सांगू, असं स्वतःला समजावत जीपमध्ये जाऊन बसले.

काकांनी गाणं लावलं. मी मागच्या बाकावरून तलावाच्या पाळीकडे, बांधावरच्या वाटेकडे बघत राहिले. पाळीवर कोणी नव्हतं. गाणं संपलं. काकांनी चावीला हात लावला, आणि चावी न फिरवता बटण दाबून कॅसेट मागे घेतली. ठोका पहिल्यापासून सुरू झाला.

"काहून गा, आज का झालं?" पुढच्या सीटवरचा एक जण ओरडला.

"इंजन गरम झालं."

"चालूच नाई केलं तं गरम कसं होते?"

"तुया बोलण्यानं," काका म्हणाले. मग मागे वळून मला हळूच म्हणाले, "तुयी माय शाळेकडं गेली सकाळी. मी पायलो. येतेच ते आता."

तेव्हा मला कळलं, ती कुठे गेली होती.

गाणं मध्यावर येऊन खाली बसलं तेव्हा आई पाळीवरून उतरताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखला. येऊन खिडकीशी उभी राहिली. "सही करणारा उशिरा आला," म्हणाली. "जन्मतारीख पाहून घे, चुकली अशीन तं आताच सांग."

मी दाखला काढून बघितला, तारीख बरोबर होती.

"आली ना बाई? चल आता!" पुढचा म्हणाला.

"गाणं संपल्याशिवाय गाडी सुटत नाई," काका म्हणाले.

अशी आणखी चार मिनिटं मिळाली. आई माझ्या केसांतली पिन काढून पुन्हा लावत राहिली. त्या दाखल्यावर मी फाटकाच्या आत गेले, आणि आजवर खाते आहे ते त्याच्यावर. काकांना मी हे कधी म्हटलं नाही. सुट्टीत यायची, त्यांच्याच जीपमधून जायची, पण म्हटलं नाही. पुढे टेपने कॅसेट खाल्ली. काकांनी जीप विकली.

चपलांच्या दुकानानंतर महिनाभरात आईचा फोन आला, काकांना लकवा मारला. गाणं माझ्या फोनमध्ये होतं. भावाला पाठवलं असतं तर त्याने त्याच दिवशी ऐकवलं असतं. मी पाठवलं नाही. मला स्वतः जाऊन लावायचं होतं. त्या हट्टापायी चार महिने गेले, आणि रोज आईचा फोन वाजला की मला वाटायचं, संपलं.

दिवाळीला गेले. काका खाटेवर होते. वाचा गेलेली. काकू म्हणाली, "कोणाले ओळखत नाई आता. बस."

मी उशाशी फोन ठेवून गाणं लावलं. काकांचे डोळे छताकडेच. ठोका, दुसरा ठोका, सूर, बाईचा आवाज, काहीच हललं नाही. मग गाणं मध्यावर खाली बसलं.

"झालं का?" काकूने विचारलं.

काकांचा उजवा हात गोधडीवरून वीतभर उचलला गेला. तळवा आमच्याकडे.

काकू तोंडावर पदर धरून आत गेली. गाणं वर आलं, संपलं. हात केव्हा खाली गेला ते मी पाहिलं नाही. बाहेर भावाने मोटारसायकलचा हॉर्न दिला, मला परतीच्या रेल्वेसाठी स्टेशन गाठायचं होतं. मी काकांच्या कानाशी वाकून सांगितलं, की तेव्हा दाखला चालला. ऐकलं की नाही, कळलं नाही. मग मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मध्यावर ते खाली बसलं तेव्हा मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. तो उचलला गेला नाही. हॉर्न वाजतच होता. मी गाणं संपेपर्यंत उठले नाही.