चाचांचा शफल

चाचांचा डावा हात गप्प बसलेला मी कधी पाहिला नाही. चहाची बशी, स्कूटरची सीट, पुढे बसलेल्या माणसाची पाठ, जे सापडेल त्यावर बोटं चालू. बल्लारपुरात, म्हणजे रेल्वेच्या बल्लारशात, त्यांचं शिवणकामाचं दुकान, आणि लग्नसराईत आमच्या ऑर्केस्ट्रात ड्रम. मी कीबोर्डवर. दोघंही गावात प्रसिद्ध: ते हातासाठी, मी तोंडासाठी.

कुठल्याशा कॅसेटवर त्यांनी एक अमेरिकन शफल ऐकला आणि माणूस कामातून गेला. झुलत, किंचित लंगडत चालणारा ताल. काढणाऱ्यानं तो म्हणे लहानपणी आगगाड्या ऐकून काढला. मी हे सांगितलं तेव्हा चाचा भडकले. "मंग आपल्या बल्लारशात काऊन नाई निघाला? गाड्या काय कमी हाय इथी?"

तो ताल अवघड का, हे मला टाचण्यांच्या कैदेत कळलं. चाचा अर्धवट शिवलेली पँट माझ्या अंगावर चढवत, चहूबाजूंनी टाचण्या लावत, "हलू नको, टोचन" म्हणत आणि ड्रमवर जाऊन बसत. मी टाळ्यांनी मात्रा मोजायच्या. उजवा हात झांजेवर झुलत राहतो. डाव्याचा मोठा ठोका तिसऱ्या मात्रेला. बाकी वेळ डावा मधल्या फटींत इतका हळू पडतो की वेगळा ऐकूच येत नाही. पण नसला, तर ताल पोकळ होतो.

"थापड मारून त्याच हातानं लगेच गोंजारनं हाय हे," चाचा म्हणत. "थापड जमते. गोंजारनं नाई जमत."

पुढे मनगट आखडू लागलं. डॉक्टरांनी ड्रम सोडायला सांगितलं. "या तालात एक गानं पूर्न वाजवतो, मंग सोडतो," हे चाचांचं उत्तर. त्या एका गाण्यापायी दोन हंगाम ते अडकले, आणि टाचण्यांत मीही.

मग मोहर्लीच्या एका लग्नात, भर दुपारी, वरात मांडवाशी पोचली. रीत अशी की ड्रमचा शेवटचा तडाखा पडल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. आणि ऑर्केस्ट्राच्या गाडीवर बसलेल्या चाचांना नेमका तेव्हाच शफल सापडला! नाचणाऱ्यांचे पाय हवेत, ठोका येईना. आला, तोवर पाय खाली. मी थांबायची खूण केली.

"बंद करशीन तं पाहाय!" चाचा ओरडले. "पुन्हा नाई भेटत हे!"

नवरदेवाच्या मामानं हात जोडले. "चाचा, पोराले उतरू द्या ना!"

"एकच अंतरा, भाऊ."

"मामा, मले लघवीले लागली," घोड्यावरून करुण आवाज आला.

अखेर तडाखा पडला. नवरदेव उडी टाकून झाडीकडे पळाला. चाचांची डावी मूठ उघडेना. मी एकेक बोट सोडवून स्टिक काढली.

"पूर्न झालं ना?" चाचांनी विचारलं.

शेवटचा अंतरा मी त्यांच्या हाताकडेच पाहत होतो. मोठे ठोके पडत होते. मधले नव्हते. स्टिक ड्रमच्या बोटभर वर नुसती थरथरत होती.

"पूर्ण," मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांनी ड्रम सोडले. आता येईल त्या गिऱ्हाइकाला ते ही हकिकत सांगतात आणि मला पुढे करतात. "याले इचारा, हा होता ना तिथी." कुठल्याही गोष्टीला तिखटमीठ लावल्याशिवाय मला राहवत नाही. ही एकच मी एका शब्दात आटोपतो. चाचांना तो शब्द पुन्हा ऐकायचा असतो. मी पुन्हा म्हणतो.