हिवराखालचा देव मीच केला

गावामागं नगरपंचायतीचं उद्यान आहे, म्हणजे पाटी आहे. पाटीमागं बोरी, खैर, हिवर आणि कमरेएवढं मारवेल गवत. आम्ही सात म्हातारे, त्यात एक निवृत्त गुरुजी, बाकीचे माझ्यासारखे एसटीच्या नोकरीतून सुटलेले, दर रविवारी तिथं घाणेरी उपटतो. हे बाहेरून आलेलं झुडूप देशी रोपाला वर येऊच देत नाही. एकदा मी तिचं मूळ ओढायला लागलो तर पार चकलांबा गावात कुणाची तरी विहीर हलली. खोटं वाटत असेल तर विचारून या.

यंदा उन्हाळ्यात आमच्या पुढाऱ्याला सौंदर्य सुचलं. सोमवारी जेसीबी लावून काटेरी रान साफ, मग हिरवळ, कारंजं आणि सिमेंटचे ससे. खरे ससे राहतात तिथं सिमेंटचे! अर्ज केले, कुणी ढुंकून बघेना. तेव्हा मी आदल्या दिवशी थोरल्या हिवराखालच्या गोट्याला शेंदूर फासला. आमच्याकडं मोजणीचा दगड खुशाल उपटतात, शेंदराच्या दगडाला कुणी हात लावत नाही.

सोमवारी जेसीबीवाल्यानं दगड बघितला, हात जोडले आणि मशिन असं मागं घेतलं की थेट गेवराईत थांबलं असेल.

चूक पुढं कळली. आठवड्यात नारळांचा ढीग लागला. दुसऱ्या आठवड्यात लिंबागणेशच्या जत्रेएवढी गर्दी. मग पुढारी आला, नारळ फोडला आणि म्हणाला, "इथं सभामंडप बांधू. गाड्या लावायला सगळं रान सपाट करू."

गुरुजी कानात म्हणाले, "तुझ्या देवानं लई प्रगती केली बे."

भूमिपूजनाला जेसीबी परत आला. पुढाऱ्यानं कुदळ उचलली तसा मी आडवा आलो. "थांबा! हा देव मी केलाय. शेंदूर माझा, तेल बायकोच्या बरणीतलं."

 बायकोही गर्दीत होती, तेलाचं तिला तेव्हाच कळलं.

पुढारी तापला. "देवाची थट्टा करतो का बे?"

"थट्टा तुमी करताय साहेब. देव खोटा हाय, झाड न्हाई."

दोघातिघांनी दगड उचलले.  तेवढ्यात मेंढरं वळणारी म्हातारी पुढं आली. "देव याचा खोटा असंल, सावली खोटी न्हाई," म्हणाली. "माझी मेंढरं हितं बसत्यात, ती काय सिमेंटची हायत?" आणि बुंध्याला टेकून बसली.

गुरुजी बसले. आम्ही बसलो. नवस फेडायला आलेली एक बाई मला म्हणाली, "तुमी काय बी म्हणा, मला तर पावला," आणि तीही बसली. मानणारे, न मानणारे, दगड उचललेलेसुद्धा. हिवर, खैर, बोरी, प्रत्येक झाडाच्या बुडाशी कुणीतरी बसलं, सगळं रान झाकलं गेलं.

"उठा!" पुढारी ओरडला.

"न्हाई उठत," आम्ही म्हणालो.

"कावून?"

"आमची मर्जी!"

"बरं. हुकमाचा कागद घेऊन येतो मी."

"या की," म्हातारी म्हणाली. "पण मशिनवाल्याला सांगा, आदी मला उचलावं लागंल. लई जड हाय मी."

म्हातारी म्हणजे पिशवीभर हाडं होती नुसती. जेसीबी मागं सरकला.