हेडमास्तरांच्या खोलीतले बेडूक

अल्लीपूरजवळच्या एका खेड्यात अनुसयाबाई तिसरीचा वर्ग शिकवत. हिंगणघाटच्या गिरणी कामगाराची मुलगी. आवाज बारीक, पण डूख धरणारी बाई.

१९७८ च्या पावसाळ्यात त्यांनी नाल्याकाठच्या डबक्यातून बेडूकमासे आणले आणि वर्गाच्या कोपऱ्यात, जर्मनच्या घमेल्यात ठेवले. पोरं घरून उकडलेला पालक आणत, विहिरीचं पाणी बदलत. देवका नावाची मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. एका सकाळी तीच ओरडली, "बाई, याले पाय फुटले!" त्या दिवसापासून ती बोलू लागली.

पुढचे पाय फुटायच्या बेताला तपासणी आली. आदल्या दिवशी हेडमास्तर रूपरावजी वर्गात शिरले. "शाळा हाय का डबकं हाय हे?" म्हणत त्यांनी घमेलं हात लांब करून उचललं आणि अंगणातल्या तापलेल्या फरशीवर उपडं केलं. पावसाची उघाड होती, ऊन कडक होतं. पोरांनी ओंजळी भरेपर्यंत निम्मे मेलेसुद्धा. देवका पुन्हा गप्प झाली ती झालीच.

अनुसयाबाईंनी फरशी झाडली. पण एक गोष्ट त्यांनी हेरली होती. एक बेडूकमासा रूपरावजींच्या पावलावर पडला, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. 'हा माणूस भेते,' त्यांनी मनात म्हटलं, आणि ते वर्षभर जपून ठेवलं.

पुढच्या पावसाळ्यात विस्तार अधिकारी शाळेत आले. अनुसयाबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला. "साहेब, बेडकाची वाढ पुस्तकात आहे, मुलांना डोळ्यांनी दाखवावी म्हणते. पण वर्गाला दार नाही, मांजर येतं. दार आहे फक्त हेडमास्तरांच्या खोलीला."

"मग तिथंच ठेवा की!" साहेब खूश झाले. "काय हो, रूपरावजी?"

साहेबापुढे नाही म्हणायची सोय नव्हती. नवे बेडूकमासे भरून घमेलं खोलीत गेलं. रूपरावजींनी टेबल दुसऱ्या भिंतीला लावलं, पाठ फिरवून बसू लागले. रोज मधल्या सुटीत बाई पोरांची रांग घेऊन येत आणि मोठ्यानं सांगत, "पाहा, आता शेपटी आखडून राह्यली. आता उड्या मारतीन." रूपरावजींचा पेन थांबे.

शेपट्या गळल्या. त्या संध्याकाळी बाईंनी पाण्यात चढायला वीट ठेवली आणि घमेल्यावर झाकलेली जाळी काढून घेतली.

सकाळी प्रार्थना चालू असताना खोलीतून किंकाळी आली. रूपरावजींनी काढून ठेवलेल्या वहाणेत पाय घातला होता आणि आत बेडकाचं पिल्लू बसलं होतं. ते एका पायात वहाण घेऊन, धोतर सावरत, रांगांच्या मधून धावत सुटले. सगळी शाळा हसली. शिक्षकही हसले. देवका तेवढी हसली नाही. ती खोलीत शिरून, टेबलाखाली रांगत, पिल्लं तुडवली जाऊ नयेत म्हणून गोळा करत होती.

रूपरावजी निंबाखाली बसले होते. बाई जवळ गेल्या तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "लहानपणी विहिरीत पडलो होतो, बाई. सकाळी काढलं मले. सारी रात अंगावर बेंडकं होते. पाया पडतो तुमच्या, नेऊन टाका ते."

अनुसयाबाईंनी पदर खोचला. "गुरुजी, त्या दिवशी माह्या पोरी तुमच्यासमोर रडून राह्यल्या होत्या. तवा तुम्ही काऊन थांबले नाई?"

घमेलं शेवटचं पिल्लू बाहेर पडेपर्यंत तिथंच राहिलं. दिवाळीनंतर रूपरावजींनी रोहणा गावाकडे बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी हार बाईंनीच घातला. रूपरावजींनी मान वर केली नाही.

चौऱ्याऐंशीत अनुसयाबाई स्वतः हेडमास्तरीण झाल्या. एकदा एका नव्या शिक्षिकेनं ही गोष्ट ऐकून विचारलं, "बाई, ते विहिरीचं ऐकून तरी तुम्हाले वाईट वाटलं असन?"

"वाटलं," त्या म्हणाल्या. "पण घमेलं उचलावं, इतकं नाई वाटलं."