ओम्माचं ताट

डॅनियलचा फोन आला तेव्हा मी सनीव्हेलच्या कॅलट्रेन स्टेशनवर उभा होतो. समोरून गाडी येत होती, त्यामुळे त्याचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं आलं. आई झोपेतच गेली, म्हणाला. मग त्याने विचारलं, "पितरांसाठी टेबल कसं मांडतात ते तुला माहीत आहे ना? लहानपणी मी कधी लक्षच दिलं नाही." मी हो म्हणालो. गाडी निघून गेली, मी बाकावर बसून राहिलो. दुःख व्हायला हवं होतं, आणि ते झालंही. पण त्याच्या आधी आठवलं ते मीच बोललेलं एक वाक्य...

डॅनियलच्या आई आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या. पहिल्या भेटीत मी 'मिसेस हान' म्हणालो, तर म्हणाल्या, "हाल्मोनी म्हण. कोरियनमध्ये आजीला म्हणतात." आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स म्हणून राबलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा डॅनियल टेक्सासमध्ये. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, दोघंही आपापल्या हेलात. त्यांच्याकडे दिवसभर कोरियन बातम्या चालू असत. भिंत पातळ, त्यामुळे तो आवाज आमच्या घरातलाच होऊन गेला होता. इतक्या बातम्या कशाला ऐकता, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त "सीमा उघडली तर कळायला हवं," एवढंच उत्तर दिलं होतं.

बाकीचं कळलं ते दोन वर्षांपूर्वी, पितृपक्षात. माझे वडील नागपुरात गेले तेव्हा व्हिसाच्या घोळात मी पोचू शकलो नव्हतो. तेव्हापासून त्यांच्या तिथीला वडे, खीर, भात असं पान मी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवतो. इथे कावळ्यांना तोटा नाही, पण त्या दिवशी एकही फिरकेना. हाल्मोनी आपल्या बाल्कनीतून बघत होत्या. हे काय, कुणासाठी, असं विचारत विचारत त्यांनी माझ्याकडून सगळी माहिती काढून घेतली. मग म्हणाल्या, "आमच्यातही आहे. आम्ही जेसा म्हणतो. बाबांचा मी दर वर्षी करते." जरा वेळाने, "गेल्याचा दिवसच माहीत नसेल तर तुमच्यात काय करतात?"

मी सर्वपित्री अमावास्येबद्दल सांगितलं. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो दिवस. त्या हसल्या. त्यांच्यातही तसा दिवस होता, नवव्या चांद्रमासाची नवमी. बहुतेक वर्षी आपली खंडेनवमी येते तोच. मला फार मौज वाटली, आणि त्या मौजेच्या भरात मी विचारलं, "मग तुम्ही त्या दिवशी कुणाचं करता?"

"कुणाचंच नाही," त्या म्हणाल्या. "आई गेली हेच कुठे माहीत आहे?"

कोरियन युद्धाच्या हिवाळ्यात, आठ-नऊ वर्षांच्या असताना, वडिलांचा हात धरून त्या उत्तरेतल्या गावातून निघाल्या होत्या. तान्ह्या भावाला ताप होता म्हणून आई मागे राहिली. काही दिवसांत परत यायचंच होतं. दारातून आईने हाक मारली, मफलर नीट बांधून जा म्हणून. "आणि मी थांबले नाही," हाल्मोनी म्हणाल्या. "मला वाटलं आपण सहलीला चाललोय. नंतर बांध म्हटलं आणि पळाले." मग सीमेवर काटेरी तारा आल्या, आणि ते 'नंतर' काही आलं नाही. दर वर्षी वडिलांचं पान मांडताना शेजारी आईचं मांडावं का, असं मनात यायचं. पण पान मांडलं की आई मेली. आणि मुलगीच असं कसं ठरवणार?

यावर मी गप्प बसायला हवं होतं. आईचं वय आता किती असेल, असं मी विचारलं. शंभराच्या पुढे, त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हाल्मोनी, मग त्यांना भूक लागली असेल."

आपल्याकडे पितरांबद्दल हे किती सहज बोलतात...  हाल्मोनी आत गेल्या आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

नवमीच्या आधी त्यांनी मला कोरियन दुकानात नेलं. नासपती, पर्सिमन नावाची केशरी फळं, चेस्टनट, खजुरासारखी लाल सुकी फळं, एक अख्खा मासा. स्वयंपाकात लसूण नाही, तिखट नाही. सकाळी टेबल मांडताना त्या मला प्रत्येक गोष्ट सांगत होत्या. माशाचं डोकं पूर्वेला, लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, चमचा भातात उभा रोवायचा. आईचा फोटो नव्हता. त्या जागी लावायच्या कागदावर रीतसर घराण्याचं नाव लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं फक्त 'ओम्मा', लहान मूल आईला म्हणतं तसं. मग त्या जमिनीवर हात टेकून वाकल्या आणि किती तरी वेळ वर आल्याच नाहीत. मी पुढे होऊन उठवू लागलो तर त्यांनी मान हलवली.

पूजा झाल्यावर ते अन्न सगळ्यांनी मिळून खायचं असतं. त्यांनी दोन वाडगे काढले होते. पण माझा ऑफिसचा कॉल होता, त्या आठवड्यात सॉफ्टवेअरची रिलीज होती... "नंतर येतो," म्हणालो. त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा उशीर झाला, उद्या जाऊ असं ठरवलं. कोणता शब्द मी त्यांच्या दारात टाकून आलो होतो, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा बातम्यांचा आवाज बंद झाला. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता काय ऐकायचं?" त्यात राग नव्हता, सुटका होती की काय, तेही मला कळलं नाही. त्यांचं फिरणं कमी झालं, जेवण कमी झालं. पुढच्या वर्षीच्या नवमीला त्या हॉस्पिटलात होत्या. डॉक्टर हृदयाचं कारण सांगत होते आणि ते खरंच असणार. तरी मला वाटतं, त्यांना जागं ठेवणारी एक वाट मीच बंद केली. कधी वाटतं, नाही, ओम्माला जेवू घालून त्या मोकळ्या झाल्या. दोन्ही मला पटतं, आणि कुठलंच पुरत नाही.

गेल्या रविवारी डॅनियल घर रिकामं करायला आला. सामान खोक्यांत गेलं होतं, टेबल तेवढं शिल्लक होतं. मी सांगत गेलो, तो मांडत गेला. आईचं पान झाल्यावर त्याने विचारलं, "आजीचं पण मांडू?" मी हो म्हणालो. एसी चालू होता म्हणून त्याने बाहेरचं दार लोटलं, तेव्हा ते थोडं उघडं ठेवायचं असतं, असं मी म्हणालो. येणाऱ्यांना आत यायला.

"आणि बंद कधी करायचं?"

"माहीत नाही. मी तेव्हा निघून गेलो होतो."

 त्याने दोन वाडगे काढले. माझा फोन वाजत होता, तो मी बंद केला. भात गार झाला होता. दार तसंच उघडं ठेवून आम्ही जेवायला बसलो.