भाड्याची खुर्ची

सुनेने उधना भागात खुर्ची भाड्याने घ्यायची म्हटले तेव्हा घरात सगळ्यात मोठ्याने मी हसले.

"मंडपवाल्याकडून आण. स्वस्त पडेल."

ती साड्यांच्या छपाईची डिझाइने कॉम्प्युटरवर काढते. उधन्याला एका मोठ्या हॉलमध्ये वेगवेगळ्या धंद्यांची माणसे येऊन बसतात. ज्याने त्याने आपापल्या खुर्चीचे भाडे भरायचे. वीज, इंटरनेट, एसी, व्यापाऱ्याशी बोलायला काचेची खोली, सगळे त्यातच. कोणाला आपले ऑफिस थाटायला नको.

मुलगा म्हणाला, "घरात टेबल आहे ना? माय, तूच सांग तिला."

मी सांगितले. "डिंडोलीच्या याच घरात मी तीस वर्षे साड्यांवर खडे चिकटवले. मला कुठली खुर्ची लागली नाही."

"आणि आत्याबाई, त्यातल्या किती साड्या परत आल्या?" सुनेने विचारले.

ते मीच तिला कधीतरी बोलून गेले होते. गोंदाचा थेंब टाकला की खडा लगेच बसवावा लागतो. मी थेंब टाकायचे आणि हाक यायची. सासऱ्यांना चहा, नवऱ्याला टॉवेल, दारात भाजीवाला. परत येईपर्यंत गोंद वाळलेला. त्यावर दुसरा थेंब टाकला की डाग पडतो, आणि डागाची साडी व्यापारी अंगावर फेकतो. नवरा मिलमधून आला की "कामावरून आला" म्हणत. मी घरीच असायचे, म्हणजे मी रिकामी.

तिचेही तेच चालले होते. फोनवर व्यापाऱ्याशी बोलत असताना कुकरची शिट्टी झाली. तो हसून म्हणाला, "बेन, पहेलां रसोई पतावी लो." आधी स्वयंपाक उरका म्हणे. पुढचे काम त्याने दुसऱ्याला दिले. कुकर मीच लावला होता, ती फोनवर आहे हे बघून.

शेवटी मुलाने अट घातली. "महिनाभर जा. घरात कुठे अडले, की खुर्ची सोडायची."

एक दिवस ती डबा विसरली. मी घेऊन गेले. डब्याचे निमित्त, मला बघायचेच होते. ती खिडकीशी बसली होती. शेजारी लेहेंगे विकणारी पोरगी, समोर व्यापाऱ्यांचे टॅक्सचे कागद भरणारा माणूस. सुनेने पडद्यावरची किनार त्या पोरीला दाखवली. ती म्हणाली, "हरा कम कर." बस. दोघी परत आपापल्या कामाला. घरात असे सांगणारे कोण होते तिला?

मग तोच कुकरवाला व्यापारी आला. काचेच्या खोलीत तिच्यासमोर बसून "मॅडम, मॅडम" करत होता. बाई तीच, काम तेच. फक्त मागे कुकर नव्हता.

मी तासभर बसले. तिला कोणी हाक मारली नाही. मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. माझा जीव जळाला. डबा टेबलावर ठेवला आणि निघाले.

महिना संपला. कुठे काही अडले नाही. अडणार कसे? नातवाला शाळेतून आणायला मी, भाकरी थापायला मी, नळाला पाणी आले की बादल्या भरायला मी. मुलगा आता गल्लीत छाती फुगवून सांगतो, "आमची ऑफिसला जाते." सून तेवढी खरे बोलते.

"आत्याबाई, तुमच्या जिवावर चाललंय हे."

"माहीत आहे मला. डबा घे आणि नीघ."

परवा शेजारणीकडून खडे लावायची एक साडी आणली. हात अजून चालतात का बघावे म्हटले. मुलाची सुट्टी होती, तो पलंगावर लोळत होता. मी थेंब टाकला.

"माय, पाणी दे व."

उठले. दिले. परत आले तोवर गोंद वाळला होता. साडी घडी घालून शेजारणीला परत दिली.